अंदाज खरा केव्हां म्हणावा?

परभणी जिल्ह्यांतील मानवत हें गांव कापसाच्या बाजारपेठेसाठीं प्रसिद्ध आहे. मनमाडहून परभणीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर 'मानवत रोड' हें त्याचें स्थानक. भोंवतालची जमीन काळी. कपाशी, सोयाबीन, तूर व ज्वारी हीं येथील मुख्य पिकें. आणि बरीचशी शेती पावसाच्या पाण्यावर अवलंबून. त्यामुळें मृग नक्षत्र जवळ आलें कीं, येथील दुकानांत, घरांत व शाळेंत एकच प्रश्न ऐकूं येतो: पाऊस केव्हां पडणार? शहरांतील गृहस्थास या प्रश्नाचा अर्थ छत्री घ्यावी कीं न घ्यावी एवढाच असतो. मानवतच्या शेतकऱ्यास मात्र बियाणें मातींत टाकावें कीं घरांत ठेवावें, हें त्यावरून ठरवावयाचें असतें. पेरल्यावर पावसानें पाठ फिरविली तर दुबार पेरणी करावी लागते; आणि दुबार पेरणी म्हणजे दुसऱ्यांदा बियाणें, दुसऱ्यांदा मजुरी, व बहुधा दुसऱ्यांदा कर्ज.

या प्रश्नाचें उत्तर हल्लीं आकड्यांत मिळतें. हातांतील दूरध्वनीवर "उद्यां पावसाची शक्यता शेंकडा साठ" असें वाचावयास मिळतें. हा साठाचा आकडा घरोघर वाचला जातो. परंतु त्याचा अर्थ प्रत्येक घरीं निराळा केला जातो. कोणी म्हणतो, साठ म्हणजे निम्म्याहून अधिक, तेव्हां पाऊस येणारच. कोणी म्हणतो, दिवसांतील शेंकडा साठ वेळ पाऊस पडत राहील. कोणी म्हणतो, साठ म्हणजे पाऊस जोराचा असेल. दुसऱ्या दिवशीं लख्ख ऊन पडलें म्हणजे हे तिघेहि एकमुखानें म्हणतात कीं, अंदाज खोटा ठरला. वस्तुतः या तिघांचेंहि म्हणणें बरोबर नाहीं, आणि शेवटचें एकमुखी म्हणणें तर मुळींच बरोबर नाहीं. तें कां, हें समजण्यास मोठ्या गणिताची गरज नाहीं. सहावी-सातवीच्या मुलास अपूर्णांकांचा गुणाकार येतो, तेवढें ज्ञान पुरे आहे.

शक्यता काढण्याची पहिली रीति म्हणजे निव्वळ गणती. नाणें उडविलें तर छापा किंवा काटा अशा दोनच गोष्टी घडूं शकतात, व नाणें सरळ असेल तर एकीला झुकतें माप देण्यास कारण नाहीं. म्हणून छाप्याची शक्यता दोहोंपैकीं एक, म्हणजे १/२. सहा बाजूंच्या फाशावर पांच पडण्याची शक्यता १/६. सम संख्या पडण्याची शक्यता ३/६, म्हणजे पुन्हां १/२. जें कधींच घडणार नाहीं त्याची शक्यता शून्य. जें घडल्यावांचून राहणार नाहीं त्याची शक्यता एक. बाकी सर्व गोष्टी शून्य व एक यांच्यामध्यें कोठें तरी बसतात. अनुकूल प्रकारांची संख्या वर आणि सर्व प्रकारांची संख्या खालीं, असा हा अपूर्णांक आहे. त्याला शंभरानें गुणलें कीं शेंकडेवारी मिळते.

या रीतीला एक अट आहे, व तिच्याकडे दुर्लक्ष झाल्यास मोठमोठे विद्वानहि फसतात. मोजलेले सर्व प्रकार सारख्याच संभवाचे असले पाहिजेत. एक नाणें दोनदां उडविलें असतां निदान एकदां छापा पडण्याची शक्यता किती? फ्रेंच गणिती दालांबेर यानें १७५४ सालीं असा विचार मांडला कीं, पहिल्याच खेपेस छापा पडला तर काम झालें. न पडल्यास दुसऱ्या खेपेस छापा किंवा काटा. म्हणजे एकूण प्रकार तीन, त्यांतील दोन अनुकूल, म्हणून उत्तर २/३. परंतु हे तीन प्रकार सारख्या वजनाचे नाहींत. छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा व काटा-काटा असे चार प्रकार लिहून काढले म्हणजे दिसतें कीं, त्यांतील तिहींमध्यें छापा आहे. खरें उत्तर ३/४. मुलांस हें उत्तर आधीं सांगूं नये. नाणें दोन-दोनदां उडवून अशा शंभर जोड्या त्यांच्याकडून मांडून घ्याव्या. निदान एक छापा असलेल्या जोड्या पंचाहत्तरच्या आसपास भरल्या म्हणजे कोणतें उत्तर टिकतें, तें त्यांचें त्यांनाच कळतें.

दुसरी रीति प्रयोगाची. पटावरचा खेळ खेळतांना मुलें फाशाऐवजीं चिंचोके घेतात. चिंचोका दगडावर घासून त्याचीं दोन शकलें केलीं म्हणजे प्रत्येक शकलाचें एक अंग पांढरें व सपाट, तर दुसरें तांबूस व फुगीर असतें. येथेंहि पडण्याचे प्रकार दोनच आहेत. पण शक्यता निम्मी-निम्मी आहे, असें बसल्या जागीं कोण सांगेल? कवडीचेंहि तसेंच. ती उताणी पडेल कीं पालथी, हें तिच्या घडणीवर अवलंबून आहे, व नुसत्या गणतीनें तें कळत नाहीं. येथें उपाय एकच: टाकून पाहावें व मांडून ठेवावें. वर्गांत चाळीस मुलें असतील व प्रत्येकानें सारख्या आकाराचें शकल घेऊन तें पंचवीस वेळां टाकलें, तर एका तासांत एक हजार प्रयोग होतात. एका मुलाला पंचवीसांत नऊ वेळां पांढरें अंग मिळेल, दुसऱ्याला सोळा वेळां. आणि प्रत्येकास आपलाच आकडा खरा वाटेल. परंतु सर्वांची बेरीज करून हजारानें भागलें म्हणजे जो अपूर्णांक येतो, तो कोणाहि एकट्याच्या आकड्यापेक्षां अधिक भरंवशाचा असतो. प्रयोग जितके अधिक, तितका अंदाज खऱ्या शक्यतेच्या जवळ. हा सिद्धांत स्वित्झर्लंडमधील याकोब बर्नुली यानें गणितानें सिद्ध केला, व त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १७१३ सालीं प्रसिद्ध झाला.

या सिद्धांताचा एक धीराचा प्रयोग दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत झाला. जॉन केरिच नांवाचा दक्षिण आफ्रिकेंतील गणिती १९४० सालीं डेन्मार्कमध्यें गेला असतां जर्मन सैन्यानें तो देश व्यापला आणि केरिच स्थानबद्ध झाला. त्या सक्तीच्या फुरसतींत त्यानें एक नाणें दहा हजार वेळां उडवून प्रत्येक निकाल लिहून ठेवला. पहिल्या दहांत ४ छापे पडले, शंभरांत ४४, हजारांत ५०२, आणि दहा हजारांत ५,०६७. शेंकडेवारी आरंभीं चाळीस होती, ती शेवटीं पन्नासाच्या अगदीं लगत आली.

या आकड्यांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. निम्म्यापासूनचें अंतर पाहिलें तर तें दहा खेपांत १, शंभरांत ६, हजारांत २ आणि दहा हजारांत ६७ असें आहे. म्हणजे नाण्यानें आपली तूट किंवा वाढ मोजून फेडली, असें झालें नाहीं. उलट अंतर शेवटीं वाढलेलेंच आहे; मात्र दहा हजारांच्या मानानें तें क्षुल्लक झालें. नाण्याला मागील खेपांचें स्मरण नसतें. सलग पांच काटे पडले म्हणून सहाव्या खेपेस छाप्याचा हक्क वाढत नाहीं. "तीन वर्षें दुष्काळांत गेलीं, आतां चौथें सुकाळाचेंच" असें जेव्हां गांवांत म्हटलें जातें, तेव्हां हीच चूक होत असते. पाऊस हा नाण्यासारखा निष्कारण नाहीं. समुद्राचें तापमान, वाऱ्यांची दिशा अशीं त्याचीं कारणें आहेत. पण मागील वर्षांचें ऋण फेडणें हें त्यांपैकीं एकहि कारण नव्हे.

थोडें पाहून सगळ्याचा अंदाज बांधण्याची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. महाभारताच्या वनपर्वांतील नलोपाख्यानांत ऋतुपर्ण राजा प्रवासांत बेहड्याच्या झाडावरील पानांची व फळांची संख्या सांगतो; सारथ्याच्या वेषांतील नल तें झाड तोडून मोजतो, आणि संख्या बरोबर निघते. तोच राजा पुढें नलास फाशांची विद्या देतो. फाशांचें ज्ञान आणि न मोजतां संख्या सांगण्याचें ज्ञान हीं दोन्ही एकाच पुरुषाच्या ठायीं असावीं, हें त्या कथाकारास सुचलें, ही ध्यानांत ठेवण्यासारखी गोष्ट आहे. ऋतुपर्णाचा आकडा तंतोतंत जुळला. सामान्य माणसाचा तसा जुळत नाहीं. म्हणून त्याला नमुना घ्यावा लागतो, व नमुना घेण्याचे नियम पाळावे लागतात.

मानवतच्या भागांत असा नमुना सोयाबीनच्या पोत्यांतून घेतां येतो. घरचें बियाणें पेरण्यापूर्वीं त्याची उगवणशक्ति तपासावी, असें कृषि खातें सांगत असतें. पोत्याच्या निरनिराळ्या भागांतून मूठ-मूठ बी काढून एकत्र करावें. त्यांतील शंभर दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहांच्या ओळींत मांडावे. गोणपाट गुंडाळून सावलींत ठेवावें व त्याची ओल राखावी. आठवड्याभरानें तें उलगडून निकोप कोंब आलेले दाणे मोजावे. सत्तर किंवा त्याहून अधिक दाणे उगवले तर बियाणें पेरणीस योग्य समजतात. त्याहून कमी उगवले तर त्या मानानें बियाण्याचें प्रमाण वाढवावें लागतें. वरवरचेच शंभर दाणे घेतले तर पोत्याच्या तळाचें दमट बी नमुन्यांत येत नाहीं, व अंदाज फसतो. असे तीन नमुने तीन मुलांनीं घेतले, तर समजा एकास ७२, दुसऱ्यास ६८ व तिसऱ्यास ७३ असे आकडे येतील. यांत कोणीहि चुकलेला नाहीं. नमुना बदलला कीं आकडा थोडा हलतो. म्हणून शहाणा माणूस "बरोबर एकाहत्तर" असें न म्हणतां "सत्तरच्या आसपास" असें म्हणतो.

हा आकडा हातीं आला म्हणजे त्यावरून पुढचें भाकीत करतां येतें. सरकी टोबतांना एकाच ठिकाणीं दोन बिया टाकण्याची चाल आहे. तिचें कारण गणितांत सांपडतें. सरकीची उगवणशक्ति शेंकडा ७० धरली, तर एक बी न उगवण्याची शक्यता ३/१०. दोन्ही बिया न उगवण्याची शक्यता ३/१० × ३/१०, म्हणजे ९/१००. एकेकच बी टाकलें तर शंभर ठिकाणांपैकीं सुमारें तीस रिकामीं राहतील. दोन-दोन टाकल्यास सुमारें नऊच. तीन-तीन टाकल्यास २७/१०००, म्हणजे शंभरांत जेमतेम तीन. दुसऱ्या बीनें एकवीस ठिकाणें वांचविलीं. तिसऱ्या बीनें फक्त सहा. बियाणें महाग असेल तेव्हां तिसरें बी न टाकतां पुढें नांग्या भरणें अधिक परवडतें, हें या तीन ओळींच्या हिशोबावरून सातवीचा मुलगाहि सांगूं शकेल.

परंतु येथेंहि एक अट आहे, आणि सर्व प्रकरणाची ती किल्ली आहे. असा गुणाकार तेव्हांच चालतो, जेव्हां एका बीचें उगवणें दुसऱ्याच्या उगवण्यावर अवलंबून नसतें. बियाणें किडकें असेल तर थोडें उगवतें, थोडें उगवत नाहीं. पण पेरणीनंतर पंधरा दिवस पाऊसच आला नाहीं, तर शेजारशेजारच्या दोन्ही बिया एकदमच करपतात. दोनच काय, साऱ्या शिवारांतील करपतात. सर्वांचें नशीब एकाच ढगाला बांधलेलें असतें. म्हणून पेरणीच्या वेळीं बियाण्याच्या आकड्याहून पावसाचा आकडा मोठा ठरतो.

तो पावसाचा आकडा कसा निघतो? हवामानाचे नियम पदार्थविज्ञानाचेच आहेत, व आजची हवा तंतोतंत ठाऊक असती तर उद्यांची गणितानें काढतां आली असती. परंतु प्रत्येक ठिकाणचें तापमान, दमटपणा व वारा कोणालाहि तंतोतंत मोजतां येत नाहीं; आणि आरंभींची बारीकशी चूक दिवसागणिक वाढत जाते. म्हणून हवामानशास्त्रज्ञ तोच हिशोब संगणकाकडून अनेक वेळां करवून घेतात, व प्रत्येक वेळीं आरंभींच्या आकड्यांत अल्पसा फरक करतात. समजा, असे पन्नास हिशोब केले व त्यांतील तीसांत मानवतवर पाऊस आला, तर शक्यता ३०/५०, म्हणजे शेंकडा साठ. हा चिंचोक्याचाच प्रयोग; फक्त चिंचोका संगणकानें टाकलेला असतो. तेव्हां "शेंकडा साठ" याचा अर्थ असा कीं, हवा या स्थितींत असे शंभर दिवस आले, तर त्यांतील सुमारें साठ दिवशीं त्या ठिकाणीं पाऊस पडेल व सुमारें चाळीस दिवशीं पडणार नाहीं. पाऊस किती वेळ किंवा किती जोरानें पडेल, याविषयीं तो आकडा कांहींच बोलत नाहीं. आणि उद्यांचा दिवस त्या साठांतला कीं चाळीसांतला, हें तर तो मुळींच सांगत नाहीं.

ही नम्रता हवामानशास्त्राला अनुभवानें आली आहे. भारताचें हवामान खातें १८७५ सालीं स्थापन झालें. त्याचे पहिले प्रमुख ब्लॅनफर्ड यांनीं हिमालयावरील बर्फाच्या प्रमाणावरून मोसमी पावसाचें अनुमान बांधण्यास १८८० नंतरच्या दशकांत आरंभ केला. १९०४ सालीं खात्याचे प्रमुख झालेले गिल्बर्ट वॉकर हे मुळांत गणिती. दूरदूरच्या प्रदेशांतील वायुभाराचा आपल्या पावसाशीं काय संबंध आहे, हें त्यांनीं आकडेमोडीनें शोधलें. १९२८ सालीं खात्याचें मुख्य कार्यालय पुण्यास आलें. इतका मोठा इतिहास मागें असूनहि २००२ सालीं देशाच्या मोसमी पावसाचा अंदाज सरासरीच्या १०१ टक्के असा होता, आणि प्रत्यक्षांत ८१ टक्केच पाऊस झाला. पुढें अंदाज देण्याच्या पद्धति बदलल्या. आतां ऋतूच्या अंदाजाबरोबर चुकीची मर्यादा सांगतात, व निरनिराळ्या प्रतींचा पाऊस होण्याच्या शक्यताहि देतात. १९७१ ते २०२० या वर्षांवरून काढलेली देशाच्या मोसमी पावसाची सरासरी ८७ सेंटिमीटर आहे, आणि तिच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस झाला तर तो सर्वसाधारण समजतात.

सरासरीचा हा शब्दच कित्येकदां फसवितो. २०१७ सालच्या जून महिन्यांत खात्याचा अंदाज असा होता कीं, देशांत मोसमी पाऊस सरासरीच्या ९८ टक्के होईल, व त्यांत चार टक्के कमी-अधिक होऊं शकेल. ऋतु संपल्यावर मोजणी झाली, ती ९५ टक्के भरली. म्हणजे अंदाज आपल्या मर्यादेंत उतरला. परंतु त्याच वर्षीं जुलै महिन्यांत, मानवतहून फार दूर नसलेल्या बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यांतील शेतकऱ्यांनीं दिंद्रूड पोलीस ठाण्यांत हवामान खात्याविरुद्ध तक्रार दिली. चांगल्या पावसाच्या अंदाजावर विसंबून पेरणी केली, पावसानें दडी मारली, आणि बियाणें, खत व श्रम वायां गेले, असें त्यांचें गाऱ्हाणें होतें. अंदाज बरोबर आणि गाऱ्हाणेंहि खरें, असें कसें झालें? अंदाज साऱ्या देशाचा व चार महिन्यांचा होता. पेरणी एका शिवारांत व एका पंधरवड्यांत होती. आजोबा सत्तर वर्षांचे व नातू आठ वर्षांचा असेल, तर दोघांचें सरासरी वय एकोणचाळीस. पण त्या घरांत एकोणचाळीस वर्षांचें कोणीहि नाहीं. आसामांतील पूर व मराठवाड्यांतील कोरडा आठवडा यांची बेरीजहि अशीच "सर्वसाधारण" होऊं शकते. म्हणून कोणताहि अंदाज ऐकतांना पहिला प्रश्न विचारावा: हा कोणत्या जागेचा व किती दिवसांचा? पेरणीला उपयोग आहे तो जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या, व पुढील चार-पांच दिवसांच्या अंदाजाचा. त्यावर आधारलेला कृषिसल्ला परभणीच्या कृषि विद्यापीठाकडून शेतकऱ्यांस मिळतो. हें विद्यापीठ १९७२ सालीं स्थापन झालें.

आतां मूळ प्रश्न: अंदाज खरा केव्हां म्हणावा? एका दिवसावरून तें ठरत नाहीं. शेंकडा साठ म्हटल्यावर पाऊस आला तरी अंदाज सिद्ध होत नाहीं, व न आला तरी खोटा ठरत नाहीं. ज्या ज्या दिवशीं साठ म्हटलें होतें, ते सर्व दिवस एकत्र करावे. त्यांतील सुमारें शेंकडा साठ दिवशीं पाऊस झाला असेल, तर अंदाज देणारा विश्वासू. शेंकडा तीसच दिवशीं झाला असेल, तर तो फुगवून सांगणारा. आणि शेंकडा नव्वद दिवशीं झाला असेल, तर तोहि दोषीच, कारण त्यानें ठाऊक असलेली गोष्ट हातचें राखून सांगितली.

मात्र एवढ्यानें परीक्षा पुरी होत नाहीं. अमेरिकन हवामानशास्त्रज्ञ ग्लेन ब्रायर यानें १९५० सालीं एक साधी कसोटी दिली. पाऊस पडला तर १, न पडला तर ०, असें लिहावें. सांगितलेली शक्यता व हा आकडा यांतील अंतराचा वर्ग करावा. आणि सर्व दिवसांच्या वर्गांची सरासरी काढावी. ती जितकी लहान, तितका अंदाज चांगला. समजा, दहा दिवसांत सहा दिवस पाऊस झाला. पहिला माणूस रोज "नक्कीच पडणार" म्हणत होता. तो चार दिवस पुरता चुकला, त्याची सरासरी ०.४०. दुसरा रोज शेंकडा साठ म्हणत होता. त्याच्या सहा दिवसांचे वर्ग ०.१६ व चार दिवसांचे ०.३६, सरासरी ०.२४. तिसऱ्यानें ढग व वारा पाहून सहा दिवशीं शेंकडा नव्वद म्हटलें व त्यांतील पांच दिवशीं पाऊस आला. उरलेल्या चार दिवशीं शेंकडा दहा म्हटलें व त्यांतील एक दिवशीं आला. त्याची सरासरी ०.१७. पहिल्याला बोलण्याचा ठसका आहे, पण तो सर्वांत खालीं राहिला. दुसरा प्रामाणिक आहे, पण त्याला एक दिवस दुसऱ्यापासून ओळखतां येत नाहीं. तिसरा दोनदां मोठा चुकला, तरी तोच सर्वांत उपयोगाचा. आपण नव्वद म्हणून फसलों, याची लाज धरून तो उद्यांपासून रोज पन्नास सांगूं लागला, तर तो निर्दोष होईल, परंतु निरुपयोगीहि होईल.

हीच कसोटी जुन्या भाकितांनाहि लावतां येते. बुलढाणा जिल्ह्यांतील जळगाव जामोद तालुक्यांत भेंडवळ येथें अक्षय्य तृतीयेस घटमांडणी होते. रात्रभर शेतांत मांडून ठेवलेल्या धान्यांत व इतर पदार्थांत पहाटेपर्यंत काय फरक पडला, तें पाहून पाऊस-पिकांचें भाकीत सांगतात. पंचांगांतहि प्रत्येक नक्षत्राचें वाहन असतें, आणि तें बेडूक, म्हैस किंवा हत्ती असल्यास पाऊस भरपूर समजतात. या परंपरांविषयीं लोकांच्या मनांत आदर आहे, व त्यांची थट्टा करण्याचें कारण नाहीं. परंतु "कोठें कमी, कोठें अधिक पाऊस होईल" हें वाक्य कोणत्याहि वर्षीं खोटें ठरत नाहीं, आणि जें खोटें ठरूं शकत नाहीं तें पेरणीच्या कामाचेंहि नाहीं. शिवाय जुळलेलें भाकीत दहा वर्षें स्मरणांत राहतें, व न जुळलेलें दिवाळीपर्यंत विसरलें जातें. भाकीत जुनें असो कीं नवें, तें आधीं स्पष्ट शब्दांत लिहून ठेवावें, व ऋतु संपल्यावर जुळलेलें आणि न जुळलेलें दोन्ही मोजावें. न्याय दोघांना एकच.

अंदाज विश्वासू आहे, असें ठरल्यावरहि काम संपत नाहीं. निर्णय अजून बाकी असतो. समजा, लवकर पेरणी साधली तर एकरीं पांच हजार रुपये अधिक मिळतात, आणि पाऊस न आल्यास दुबार पेरणीचे आठ हजार रुपये अंगावर पडतात. पावसाची शक्यता शेंकडा साठ असतां सरासरी लाभ पांच हजारांचे सहा-दशांश, म्हणजे तीन हजार. सरासरी हानि आठ हजारांचे चार-दशांश, म्हणजे तीन हजार दोनशें. हानि अधिक, तेव्हां थांबावें. शक्यता शेंकडा सत्तर झाली तर लाभ साडेतीन हजार, हानि दोन हजार चारशें. मग पेरणें रास्त. साठ हा आकडा निम्म्याहून मोठा असूनहि या हिशोबांत "पेरा" असें सांगत नाहीं. उलट छत्री घेण्याचे श्रम थोडे व भिजण्याचा त्रास मोठा, म्हणून शहरांतील माणूस शक्यता शेंकडा तीस असली तरी छत्री घेतो, व तें योग्यच करतो. आकडा सांगणें हवामानशास्त्रज्ञाचें काम. त्या आकड्याला आपल्या लाभहानीनें गुणणें हें ज्याचें त्याचें काम. तें काम दुसरा कोणी करूं शकत नाहीं.

शिवाय, सरासरीचा आधार वारंवार खेळणाऱ्यास मिळतो. ज्याच्याकडे पन्नास एकर व शिल्लक पैसा आहे, तो या वर्षींची हानि पुढच्या वर्षीं भरून काढील. ज्याच्याकडे दोन एकर आहेत व दुसऱ्या बियाण्यास पैसा नाहीं, त्याला पुढची खेप नाहीं; त्यानें अधिक खात्रीची वाट पाहणें यांत भित्रेपणा नाहीं. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्यावांचून पेरणी करूं नये, हा कृषिशास्त्रज्ञांचा सल्ला याच कारणानें आहे: जमिनींत इतकी ओल असली म्हणजे पुढें पावसानें कांहीं दिवस ओढ दिली तरी रोप तग धरतें. सोयाबीनमध्यें तुरीचें आंतरपीक घेण्याची शिफारसहि त्याच हिशोबाची. तूर उशिरां येते व तिचें मूळ खोल जातें. जो कोरडा पंधरवडा सोयाबीनला मारतो, तोच तुरीला मारील असें नाहीं. एकाच ढगाला सर्व नशीब बांधूं नये, म्हणून हीं दोन पिकें.

हें सारें मुलांस शिकविण्यासाठीं खर्च फारसा नाहीं. शाळेच्या अंगणांत एक पर्जन्यमापक बसवावा. एका वहींत तीन रकाने आंखावे. पहिल्यांत तारीख, दुसऱ्यांत आदल्या दिवशीं सांगितलेली पावसाची शक्यता, तिसऱ्यांत प्रत्यक्ष मोजलेला पाऊस. २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला तर तो पावसाचा दिवस, ही हवामान खात्याची व्याख्या घ्यावी. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत १२२ नोंदी होतात. दसऱ्याच्या सुमारास मुलांनीं साठ-साठचे सर्व दिवस वेंचून काढावे व त्यांत पाऊस किती वेळां आला, तें मोजावें. मग वीसचे, मग ऐशींचे. ही वही घरीं वडीलमंडळींनींहि पाहावी. पुढील मृगांत तोच आकडा पुन्हां दूरध्वनीवर दिसेल, तेव्हां त्यावर किती भार टाकावा, हें त्या घराला स्वतःच्या मोजणीवरून ठाऊक असेल.